ऐकण्याची खुर्ची

बुवापाडा, अंबरनाथ
२८ फेब्रुवारी १९८८, उपवासकाळाचा दुसरा रविवार

प्रिय कुंदा,

येशूची स्तुती असो. पाकिटावर शहाण्यासारखं ‘सिस्टर बेनेदिक्ता’ लिहिलं आहे, तुमच्या मदर सुपीरियरना उगाच राग यायला नको. आत मात्र तू कुंदाच. आम्ही दोघं खुशाल. तुझे दाजी रिटायर झाल्यापासून दारापुढं तेलाच्या डब्यांत मिरच्या लावतात आणि माझ्याशी पूर्वीइतकंच बोलतात, म्हणजे जवळजवळ नाहीच. माझं उल्हासनगरचं काम चालू आहे. आमच्या सिंधी शेठनं जीन्स शिवायला आणखी मशिनी आणून बसवल्या, त्यामुळे आता शेजारणीशी बोलायचं तरी हातवारे करावे लागतात. मी चेकिंगला असते ना, तर पोरी मला पाठीमागं ‘भोंगा’ म्हणतात असं कळलं. म्हणू देत. भोंगा वाजतो म्हणून कारखाना वेळेवर सुटतो.

आता खरी बातमी. आपल्या चर्चला नवे फादर आले आहेत, फादर जेरोम, वसईचे. दिसायला कॉलेजातल्या मुलासारखे, पण बोलतात मुद्द्याचं. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून झाल्यावर ते म्हणाले, दरवर्षी तुम्ही मटण-मासळी सोडता आणि ईस्टरला दुपटीनं वसूल करता, यंदा मला दुसरं काहीतरी द्या. प्रार्थना म्हणजे आपण देवापुढं तोंड चालवतो, तो कधी बोलणार? आणि ज्याला शेजाऱ्याचं ऐकवत नाही त्याला देवाचं काय ऐकू येणार? यंदा जिभेचा उपवास करा, म्हणाले. (यातलं निम्मं मी तुझ्या दाजींकडून विचारून घेतलं. चर्चमधला नवा माइक अगदी भिकार आहे, सगळं घशात राहतं.)

तर त्यांची योजना अशी. शुक्रवारी क्रूसाची वाट झाल्यावर आणि रविवारी मिस्सा झाल्यावर संत जोसेफच्या पुतळ्यापाशी खुर्च्या मांडायच्या. एका खुर्चीवर ऐकणारं माणूस. समोरच्या खुर्चीवर ज्याला काही सांगायचं असेल त्यानं येऊन बसायचं. हे कन्फेशन नव्हे, पापांची माफी-बिफी काही नाही. नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, बाहेर कोणाला सांगायचं नाही. शेवटी ‘देव पाहील’ एवढं म्हणायची मुभा.

आणि ऐकायला निवडलं कोणाला? विन्सेंट मास्तर आणि मी. सगळं चर्च हसलं. तुला आमची चाळीतली रोझरी माहीत आहे. शेवटची प्रार्थना मी सांगायला लागले की बायका आधी घरी जाऊन गॅस बंद करून येतात. फादरांनी मुद्दामच गावातल्या दोन लांब जिभा वेचून काढल्या, हे मला समजलं. पण मी कशाला माघार घेते? म्हटलं, बसते.

मास्तर पहिल्याच दिवशी गारद झाले. एका बाईनं सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, तर त्यांनी तिथंच सल्ला दिला आणि संध्याकाळी सुनेला समजवायला तिच्या घरी जाऊन बसले. फादरांनी त्यांची खुर्ची उचलली. आता एकटी मी. आणि कुंदा, तुला म्हणून सांगते, माझ्यापुढं रांग लागते. माणूस येतं, बसतं, बोलतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहते, हात धरते, मान डोलावते. डोळे पुसून उठतात आणि हलके होऊन जातात. फादर आज मिस्साच्या शेवटी माझं नाव घेऊन काहीतरी चांगलं म्हणाले. सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं म्हणून मला कळलं.

चाळीतली क्रूसाची वाट यंदाही निघाली. थांबून प्रार्थना करायची स्थानकं चौदा आणि आपली घरं तेरा, म्हणून आठवं स्थानक नेहमीप्रमाणं बनूबाईंच्या दारात. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि दारात पाटावर आमचा क्रूस आणि मेणबत्ती. ती मेणबत्ती त्या दुसऱ्या कोणाला लावू देत नाहीत. आपली आणि त्यांची भिंत एकच, मागं तर नुसता पत्रा, त्यामुळे माझ्या घरातलं त्यांना माझ्याआधी कळतं. परवा कुकर शिट्ट्या मारून मारून दमला, डाळ जळून कोळसा झाली, तेव्हा त्याच धावत आल्या. मी तिथंच ओट्यापाशी जपमाळ करत होते. प्रार्थनेत एवढी लागले होते, दुसरं काय.

तू मार्चमध्ये मुंबईला तुमच्या मुख्य मठात, प्रॉव्हिन्शियल हाउसला, येणार आहेस, तर एक रविवार मला दे. तू लिहिलं आहेस, ‘ताई, तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे.’ मग ये की. आता तुझी ताई ऐकण्यात पटाईत झाली आहे, त्याचा फायदा करून घे.

तुझी
अगाथाताई

*

बुवापाडा, अंबरनाथ
१५ मार्च १९८८

प्रिय कुंदा,

येशूची स्तुती असो. परवा रविवारी तू आलीस, घर भरल्यासारखं वाटलं. सुखरूप पोचलीस ना? बाटलीतलं लोणचं सांडलं नाही ना? तुझ्या त्या पांढऱ्या साडीवर डाग पडला तर सगळ्या कॉन्व्हेंटला माझं नाव कळेल.

शाळेत असताना खिडकीशी अभ्यासाला बसायचीस, खाटेच्या त्याच टोकाला तू बसलीस. मी उजेडाकडं पाठ करून तुझ्या शेजारी. किती वेळ बोललीस तू. इतकं सलग बोलताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. आणि कबूल कर, मी मध्ये एका शब्दानं बोलले नाही. पूर्वीची ताई असती तर तुझं पहिलं वाक्य संपायच्या आत माझी तीन झाली असती. तू रडलीस तेव्हा मी तुझा हात धरला. निघताना तू मला अशी मिठी मारलीस की माझ्या बांगड्या रुतल्या. तेव्हा तू हसत होतीस, ते मला फार बरं वाटलं.

तू जे सांगितलंस त्यावर मी विचार करते आहे. तेवढं एकदा सगळं नीट लिहून पाठव, म्हणजे माझ्या डोक्यात स्वच्छ राहील. आता वय झालं, चार दिवसांत गोष्टी निसटतात. तब्येतीचं असेल तर अंगावर काढू नकोस, इकडं चांगले डॉक्टर आहेत. बदलीचं असेल तर बदली कोणाला चुकली आहे? आणि आईच्या आठवणीनं रडू आलं असेल तर ते मलाही येतं. काय असेल ते असो, तू सविस्तर लिही.

तुझ्या दाजींनी विचारलं, कुंदा काय म्हणत होती? मी म्हटलं, सगळं ठीक आहे. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मिरच्यांना पाणी घालायला गेले. बनूबाईंचंही काही कळत नाही. तू गेल्यापासून त्या मला एकदम मानानं वागवायला लागल्या आहेत. काल वाटीभर वालाची आमटी आणून दिली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, काहीतरी म्हणाल्या आणि गेल्या. आमटी छान होती.

खुर्ची जोरात चालली आहे. बदलापूरहून, सोनिवलीहूनसुद्धा माणसं येतात. ‘अगाथाबाईंच्या पोटातून शब्द बाहेर जात नाही’ अशी ख्याती झाली आहे.

लवकर लिही. विसरू नकोस.

तुझी
अगाथाताई

*

बुवापाडा, अंबरनाथ
२७ मार्च १९८८, झावळ्यांचा रविवार

प्रिय कुंदा,

येशूची स्तुती असो. हे पत्र आंतर्देशीयवर मावणार नाही म्हणून पाकीट घेतलं. दुपारची वेळ आहे, मघाशीच चर्चमधून झावळी घेऊन आले, ती क्रूसामागं खोचली आणि लिहायला बसले. हे पत्र तू एकटीनं वाच. आणि तो अर्ज, जो तू ईस्टरनंतर देणार आहेस, तो हे वाचून होईपर्यंत देऊ नकोस.

मी सरळच सांगते. तू त्या रविवारी मला जे सांगितलंस त्यातला एक शब्दही मी ऐकला नव्हता.

माझा डावा कान गेला आहे. उजवाही निम्मा गेला आहे. मशिनींच्या आवाजात बसून बसून झालं असं डॉक्टर म्हणतात. गेली दोन वर्षं मी माइकला, लोकांच्या पुटपुटण्याला आणि पंख्याला नावं ठेवत आले. ज्याच्या तोंडाकडं बघत नाही त्याचं बोलणं मला कळत नाही, आणि बघितलं तरी हळू बोलणाऱ्याचं कळत नाही. तू माझ्या डाव्या बाजूला बसलीस, मान खाली घालून बोललीस, तीही तुझ्या त्या चॅपलमधल्या आवाजात. मी तुझ्या चाळा करणाऱ्या बोटांकडं पाहत होते. तू साडीचा काठ गुंडाळत होतीस आणि सोडत होतीस. ‘जरा मोठ्यानं बोल’ एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? पण तू रडायला लागलीस आणि मग मला विचारायची लाज वाटली. म्हटलं, पत्रातून काढून घेईन. मागच्या पत्रातले माझे ते तब्येतीचे आणि बदलीचे प्रश्न आता वाचून बघ, तुला हसू येईल. किंवा येणार नाही.

कळलं ते बनूबाईंमुळं. अठरा तारखेच्या शुक्रवारी क्रूसाची वाट त्यांच्या दारात आली. मी प्रार्थना सांगितली, लोक पुढच्या स्थानकाकडं निघाले, तेवढ्यात त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला वळसा घालून उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुंदाची खाट कुठं टाकायची ठरवलंय? तुमच्याकडं अडचण होईल, माझी मागची खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, कसली खाट? त्या म्हणाल्या, ती ईस्टरनंतर कॉन्व्हेंट सोडून येणार ना, तुम्हीच तर हो म्हणालात.

मी तिथं पाटावरच बसले, क्रूसाशेजारी. बनूबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. बाहेर लोक खोळंबले होते. त्यांना त्यांनी हातानंच ‘व्हा पुढं’ म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढची स्थानकं माझ्याशिवाय झाली. विन्सेंट मास्तरांना तेवढीच संधी मिळाली.

मग त्या माझ्या उजव्या कानाशी बसल्या. म्हणाल्या, “अगाथाबाई, तुमाला डाव्या कानानं ऐकू येत नाय हे अख्ख्या चाळीला माहितीय. तुमालाच सांगायची कोणाची छाती झाली नाय.”

त्या दिवशी त्या मागच्या पत्र्याआड तांदूळ निवडत होत्या. ऐकायचं म्हणून नव्हे, पण ऐकलं. आणि माझी बहीण मला जे बोलली ते मला शेजारणीनं सांगितलं. कोणाला सांगितलं नव्हतं त्यांनी, तुझ्या दाजींनासुद्धा नाही. फादरांचे नियम या चाळीत कोणी पाळले असतील तर बनूबाईंनी पाळले, आणि त्या आमच्या चर्चच्याही नाहीत.

तू म्हणालीस की गेली कितीतरी वर्षं चॅपलमध्ये बसतेस आणि समोर कोणी आहे असं वाटत नाही. सुरुवातीला काहीतरी ऐकू यायचं, शब्द नव्हे, पण कोणीतरी आहे एवढं तरी. आता नुसती शांतता. हॉस्टेलच्या मुलींना प्रार्थना शिकवताना तुला आपण खोटं बोलतो असं वाटतं. म्हणून बाहेर पडायचं. आणि मग तू म्हणालीस (हे बनूबाईंनी दोनदा सांगितलं), “आई नाही, आता तूच आहेस. तू नाही म्हणालीस तर मी राहीन आणि हा विषय जन्मात काढणार नाही. हो म्हण, नाही म्हण, पण ताई, तू तरी गप्प बसू नकोस.”

त्यावर मी मान डोलावली आणि म्हटलं, देव पाहील.

कुंदा, त्या शुक्रवारी मला जेवण गेलं नाही. मंगळवारी तुझं कार्ड आलं. ‘तू ऐकलंस, मला आता कशाची भीती नाही. इथं पत्रं सगळ्यांच्या हातांतून जातात, जास्त लिहीत नाही.’ ते कार्ड मी बायबलमध्ये ठेवलं आहे. वर ठेवायची हिंमत होत नाही.

आता तुला खरं उत्तर हवं असेल तर ऐक. त्या दिवशी मला ऐकू आलं असतं तर मी नाही म्हणाले असते. तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. म्हणाले असते, लोक काय म्हणतील, आपल्या घराण्यातली पहिली सिस्टर तू, दारात शिरल्याबरोबर तुझा व्रताच्या दिवशीचा फोटो दिसतो तो मी आता कुठं लपवू? म्हणाले असते, आईनं तुला देवाला दिलं ते परत मागायला का? जास्त जपमाळ कर, म्हणजे ऐकू येईल. हे सगळं मी म्हणाले असते, मोठ्यानं, चाळीला ऐकू जाईल असं. आणि तू मान खाली घालून परत गेली असतीस आणि खरंच जन्मात विषय काढला नसतास. म्हणजे माझ्या कानानं तुला वाचवलं की बुडवलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

मी फादरांकडं गेले. कन्फेशनला जायचं तर आणखी एक भानगड होती. त्या जाळीपलीकडून ते कुजबुजतात. गेली दोन वर्षं त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या फादरांनी मला काय प्रायश्चित्त सांगितलं ते मला माहीत नाही. मी आपली दर वेळी दहा नमो मरिया म्हणून मोकळी होते. या वेळी त्यांना म्हटलं, फादर, बाहेर निंबाखाली या आणि मोठ्यानं बोला. आले बिचारे. मी सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं, की इतकी माणसं माझ्यापुढं रडून गेली आणि मी त्यांच्यातल्या बहुतेकांचं काही ऐकलंच नाही. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, माणसं हलकी होऊन गेली ते त्यांचं आणि देवाचं, त्यात तुमचं काही नाही, तुम्ही आधी कानाच्या डॉक्टरकडं जा. प्रायश्चित्त म्हणून बहिणीला खरं लिहा, गुड फ्रायडेच्या आत पोचेल असं. हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की कंपाउंडबाहेरच्या भजीवाल्यानं वळून पाहिलं.

डॉक्टर उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये. त्यांनी मशीन दिलं आहे. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, ती ब्लाउजला अडकवायची, तिच्यातून वायर निघते ती कानात. पदरानं झाकायचा प्रयत्न केला, झाकत नाही. कारखान्यात पोरींनी विचारलं, मावशी, रेडिओ लावला काय? म्हटलं, हो, तुमची बडबड लागते त्यावर. आता त्या माझ्यासमोर जपून बोलतात. खुर्चीवर मी या शुक्रवारी बसले नाही. लोकांना फादरांनी नाही, मीच सांगितलं, उभी राहून, का बसत नाही ते. एकदोघी चिडल्या. एक म्हातारी म्हणाली, मला माहीत होतं, म्हणूनच तुझ्याकडं आले.

मशीन आणलं त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी रोझरी केली. मी पुढं म्हणते, तुझे दाजी मागं म्हणतात. म्हणजे ते ओठ हलवतात आणि डुलक्या काढतात, अशी माझी समजूत होती, आणि मी त्यांना त्यावरून बोलही लावत आले. कुंदा, ते सगळं म्हणतात. शब्दन् शब्द म्हणतात. मी धावते म्हणून ते अर्धी ओळ मागं राहतात एवढंच. आणि दहा मण्यांचं प्रत्येक दशक संपलं की मधल्या जागेत, मी पुढचं सुरू करायच्या आत, एक वाक्य अगदी हळू म्हणतात. मी माळ तशीच धरून थांबले आणि ऐकलं. ‘आमच्या कुंदाला जिथं असेल तिथं सुख लाभू दे.’ मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, ती गेली तेव्हापासून. मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीत. ते म्हणाले, रोज तुझ्या शेजारीच बसून म्हणतो. आणि मग आठवलं की गेली दोन वर्षं ते रस्त्यानंसुद्धा माझ्या उजव्या बाजूनं चालतात. मला वाटायचं, गाड्यांना भितात.

आता तुझ्या मुख्य गोष्टीकडं येते. मला धर्मशास्त्र येत नाही. तुम्ही लोक लॅटिन-बिटिन शिकता, मी आठवीपर्यंत गेले. पण न ऐकण्यातलं मला आता थोडं कळतं. त्या दिवशी तू माझ्याशेजारी होतीस. तुझ्या साबणाचा वास येत होता, खाट तुझ्या वजनानं वाकली होती, तू बोलत होतीस, रडत होतीस, मला विचारत होतीस. आणि मला काही ऐकू आलं नाही. म्हणून तू नव्हतीस का? तेव्हा मला कोणी सांगितलं की तुला काही ऐकू येत नाही तर तिथं कोणी नाहीच, तर मी मानणार नाही. कोणी फादर म्हणाले तरी मानणार नाही, तूही म्हणू नकोस. तुझ्या त्या शांततेत कोणी आहे असं मी छाती ठोकून सांगते. ते तुला सापडायला कॉन्व्हेंटच पाहिजे, असं मात्र मी सांगत नाही. तुझ्या दाजींच्या प्रार्थनेत ‘कॉन्व्हेंट’ शब्दच नाही.

तर मी माझा तो होकार परत घेते. न ऐकता दिलेला होकार कसला? त्याच्या जागी नकारही देत नाही. ईस्टरच्या सोमवारी सकाळच्या एस.टी.नं मी निघते. तुमच्या मदरना सांग, बहीण भेटायला येते आहे. तुझ्या हॉस्टेलमागं जी चिंच आहे तिच्याखाली दोन खुर्च्या मांड. माझ्या उजव्या हाताला तू बस. मशीन मध्येच शिट्टी मारतं, दचकू नकोस. नवे सेल मी बरोबर आणते. तू पहिल्यापासून सगळं सांग, पाहिजे तर दिवसभर. तू थांबेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. नंतर तू विचारलंस तर मला जे वाटतं ते सांगेन, आणि तू तुझं ठरवशील. माझ्या माना डोलावण्यावर तुझा जन्म टांगून ठेवायचा नाही.

बनूबाई म्हणाल्या, तरी खोली झाडून ठेवते, खोली झाडल्यानं कोणाचं काही बिघडत नाही. काल त्यांनी आणि मी मिळून तिथलं लाकडी कपाट भिंतीला सरकवलं. खाटेपुरती जागा झाली आहे. ती रिकामी राहिली तर त्या तिथं जयंतीचं सामान ठेवतील, तू आलीस तर तू.

गुड फ्रायडेला क्रूसाची वाट पुन्हा त्यांच्या दारात थांबेल. आठव्या स्थानकाला यंदा प्रार्थना मी सांगणार नाही, असं फादरांना कळवलं आहे. मी बनूबाईंच्या शेजारी उभी राहून ऐकणार आहे.

अर्ज ट्रंकेत ठेव. फाडू नकोस, देऊ नकोस. सोमवारपर्यंत थांब.

तुझी, अजून काहीच न ऐकलेली,
अगाथाताई